देणगी आणि देणे : सुरतेवरील आपत्ती आणि व्यापाऱ्यांचा दानधर्म

इ. स. २००६ च्या ऑगस्ट महिन्यात तापीच्या महापुराने सुरत शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी तेथील एका मराठी मंडळीच्या पाळकांनी मला एक प्रश्न विचारला. मंडळीतील बहुतेक कुटुंबे खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस गेलेली. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात, कोणी बांधकामावर राबणारे. पूर ओसरल्यावर एका मोठ्या कारखान्याची मालमोटार उपासनामंदिराच्या दारात येऊन उभी राहिली. पीठ, डाळ, तेल आणि दोन चादरी असे एकेक बोचके प्रत्येक कुटुंबास मिळाले. वाटपापूर्वी कारखान्याच्या नावाचा कापडी फलक वेदीमागील भिंतीवर लावण्याची परवानगी मागण्यात आली. पाळकांनी तो व्हरांड्यात लावू दिला. पहिले छायाचित्र नीट न आल्यामुळे एका वृद्ध विधवेला हाती आलेले बोचके परत देऊन ते पुन्हा स्वीकारावे लागले. ही मदत खरी मानावी की जाहिरात मानावी, आणि जाहिरात असेल तर ती स्वीकारण्यात आपले चुकले काय, असा पाळकांचा प्रश्न होता.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवून मला उत्तर देता आले असते. तथापि तो अध्याय दात्याला उद्देशून आहे. घेणाऱ्याने दात्याच्या अंतःकरणाची परीक्षा कशी करावी, हे तेथे सांगितलेले नाही. आणि ज्याच्या घरातील चूल चार दिवस चिखलात रुतलेली आहे त्याने अशी परीक्षा करीत बसावे, ही अपेक्षाही क्रूरपणाची आहे. म्हणून मी त्यांना उत्तर देण्याऐवजी सुरतेचा इतिहास वाचावयास घेतला. भागभांडवलावर चालणारी, मालक दूर परदेशी आणि कारभारी येथे, अशी कंपनी नावाची संस्था मोगल हिंदुस्थानात प्रथम स्थिर झाली ती याच शहरात. आगी, पूर आणि दुष्काळ यांचीही या शहराला वाण नाही. व्यापारी आपत्काळी देतो ते कशासाठी, या प्रश्नाचे सुमारे चारशे वर्षांचे दप्तर येथे उपलब्ध आहे.

त्या दप्तराचे पहिले मोठे पान १६३० ते १६३२ च्या दुष्काळाचे आहे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत १६१३ पासून होती. डच तिच्या मागोमाग आले. १६३० साली पावसाने दगा दिला आणि पुढील वर्षी अतिवृष्टीने उरलेसुरले पीक नेले. पीटर मंडी हा कंपनीचा नोकर नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्यास निघाला. त्याची वाट व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी आपल्या खानदेशातून बऱ्हाणपुरास जात होती. नंदुरबारास प्रेतांच्या गर्दीमुळे लहानसा तंबू ठोकण्यासही जागा मिळेना, असे त्याने लिहून ठेवले आहे. बादशहा शाहजहान त्या वेळी दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात त्याच्या दानधर्माची नोंद आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत प्रांत येथे लंगर उघडण्यात आले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. अहमदाबादेस आणखी ५०,००० रुपये देण्यात आले. खालसा मुलखातील साऱ्याचा अकरावा हिस्सा माफ झाला. दरबारी इतिहासकाराने हे औदार्य म्हणून लिहिले आहे आणि ते औदार्य नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु अकरा हिश्शांपैकी दहा हिस्से त्या प्रेतांच्या मुलखावर कायम राहिले, हेही त्याच नोंदीवरून निघते. शिवाय बादशहाबरोबर मोठे लष्कर होते आणि लष्करालाही अन्न लागते.

आणि कंपनी? कंपनीचे नोकरही या आपत्तीतून सुटले नाहीत. वखारीचा अध्यक्ष थॉमस रॅस्टेल १६३१ च्या नोव्हेंबरात वारला. वखारीतील इतरही बरेच इंग्रज गेले. कंपनीच्या पत्रव्यवहारात विणकर आणि धोबी मेल्याच्या नोंदी आहेत. त्या बहुतेक ठिकाणी कापड मिळेनासे झाल्याच्या, भाव चढल्याच्या आणि जहाजे रिकामी राहण्याच्या चिंतेला जोडून येतात. त्या माणसांना दया नव्हती असा निष्कर्ष यावरून काढू नये. ज्या वहीत ते लिहीत होते त्या वहीत दयेला रकाना नव्हता.

या ठिकाणी उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायाची आठवण होते. आपल्या प्रवचनांत योसेफाची गोष्ट बहुधा भावांच्या भेटीपाशी संपते. पुढचा भाग आपण क्वचितच वाचतो. योसेफ उपाशी लोकांना धान्य देतो, पण विकत देतो. आधी त्यांचा पैसा संपतो, मग गुरे जातात, मग शेते जातात आणि शेवटी माणसे स्वतःच फारोची होतात. तुम्ही आमचे प्राण वाचविले असे ती माणसे योसेफास म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही. प्राण वाचलेलेच होते.

सुरतेच्या देशी व्यापाऱ्यांची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक बोधप्रदही आहे. सुरतेचा सराफ आणि सावकार हुंडीवर जगत असे. दूरच्या गावी बसलेल्या माणसाने केवळ सहीवर पैसे मोजावेत, यासाठी सही करणाऱ्याचे नाव बाजारात निष्कलंक असावे लागे. या नावाला गुजराती व्यापारी आबरू म्हणत. मराठीतही हा शब्द आहे, पण आपण तो अब्रुनुकसानीच्या संदर्भात अधिक वापरतो. सुरतेच्या पेढीवर आबरू हे भांडवल होते. मंदिर बांधणे, धर्मशाळा घालणे, पांजरापोळ चालविणे, टंचाईत धान्य वाटणे यांमुळे आबरू वाढत असे आणि आबरू वाढली की हुंडी सहज वटत असे. डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकाराने सुरतेतील देणग्यांच्या राजकारणावर १९८७ साली एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. जे शेठ मोगल अंमलदारांना नजराणे देत आणि देवस्थानांना दाने देत, त्यांचेच वंशज ब्रिटिश अमदानीत शाळा, दवाखाने आणि दुष्काळनिधी यांना देणग्या देऊ लागले, आणि या दोन्हींमागे प्रतिष्ठा राखण्याचे व सत्तेशी नाते जोडण्याचे धोरण होते, असे त्यांनी दाखविले आहे. हेन्स यांच्या मांडणीत भक्ती आणि व्यवहार यांची फारकत नाही. त्या शेठजींना स्वतःलाही ती करता आली नसती.

आबरूचा उपयोग कसा अनपेक्षित ठिकाणी होई, याचे एक उदाहरण मराठी वाचकांना विशेष वाटेल. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली, त्या प्रसंगाविषयी फ्रेंच प्रवासी बर्निये दोन घरे वाचल्याचे सांगतो. एक कॅपुचिन धर्मगुरू फादर अँब्रोझ यांचे. दुसरे डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे. तो हयातीत फार दानशूर होता असे महाराजांना सांगण्यात आले आणि त्याच्या घराला हात लागला नाही. तो दलाल डच कंपनीच्या व्यवहारावर श्रीमंत झालेला होता. त्याने दान करताना पुढे येणाऱ्या स्वारीचा विचार केला असेल, असे म्हणणे हास्यास्पद आहे. दानाने त्याचे घर वाचले हे मात्र खरे.

आणखी एक गोष्ट. ऑव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेस आला होता. तेथे म्हाताऱ्या गाईंसाठी, घोड्यांसाठी, इतकेच नव्हे तर किड्यांसाठीही चालविलेले आश्रयस्थान पाहून तो चकित झाला. असल्या संस्थांचा खर्च कोण करी? नाव महाजनाचे असे. पण पैसा पुष्कळदा मालाच्या प्रत्येक गाठीवर, प्रत्येक सौद्यावर बसविलेल्या लाग्यातून येई. धर्मादा म्हणून बिलात जी लहानशी रक्कम धरली जात असे ती हीच. ती भरणारा गिऱ्हाईक असे, वाटणारा शेठ असे आणि पुण्य शेठच्या नावे जमा होई. मुंबई सार्वजनिक विश्वस्त अधिनियम, १९५० यात धर्मादासाठी ५४ वे स्वतंत्र कलम आहे. असा पैसा गोळा करणारा व्यापारी त्याचा मालक नसून विश्वस्त आहे, असे या कायद्याने ठरविले. सुरत तेव्हा मुंबई राज्यात होती. देणगीच्या मुळाशी असलेला पैसा नेमका कोणाचा, हा प्रश्न यापूर्वी कायद्याने इतक्या स्पष्टपणे क्वचितच विचारला असेल.

२४ एप्रिल १८३७ रोजी सायंकाळी सुरतेतील मच्छलीपीठ भागात एका पारशी गृहस्थाच्या घरी उकळते डांबर सांडून आग लागली. शेजाऱ्यांनी आपल्या विहिरींचे पाणी काढू दिले नाही, अशी नोंद जिल्ह्याच्या गॅझेटियरात आहे. वारा जोराचा होता, घरे लाकडी होती. आग विझेपर्यंत तिसरा दिवस उजाडला आणि नऊ हजारांहून अधिक घरे भस्म झाली. त्याच वर्षी तापीला पूर आला. मुंबईत वर्गणी जमली, सरकारनेही मदत दिली. मुंबईचे कितीतरी धनिक मूळचे सुरतेचे किंवा तिच्या आसपासचे. सुरतेचा व्यापार मुंबईस गेला आणि त्याच्या मागोमाग घराणीही गेली. मूळ गावाला ते विसरले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. परंतु मला या आगीच्या हकिगतीत मुंबईच्या वर्गणीपेक्षा ती विहीरच पुन्हा पुन्हा दिसते. मागाहून आलेले लाखो रुपये मोजता येतात. वेळेवर न मिळालेल्या काही घागरी पाण्याचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडता येत नाही.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो त्याकडे येतो. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. सोलापूर, विजापूर, अहमदनगर, पुणे या जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात त्या सालांना विशेष स्थान आहे. अनेक गावांतील पहिल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी तेव्हाच्याच आहेत. सुरतेला या दुष्काळाची झळ तुलनेने कमी लागली. दुष्काळ संपता संपता हिंदुस्थान सरकारने असा विचार केला, की असे संकट पुन्हा येणारच, तेव्हा दरवर्षी सुमारे दीड कोटी रुपये दुष्काळ-विम्यासाठी बाजूला काढावेत. त्यासाठी जे नवे कर बसले त्यांत व्यापारधंद्यावरील परवाना कर होता. मुंबई इलाख्यात तो १८७८ साली लागू झाला.

सुरतेने या कराविरुद्ध दुकाने बंद केली. ५ एप्रिल १८७८ रोजी शहरात दंगा झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. खटले भरले गेले. आरोपींच्या बचावासाठी फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि आरोपी सुटले.

हे वाचताना पहिला विचार कटू येतो. जे शहर दानधर्मासाठी प्रसिद्ध, ज्याच्या बाजारात प्रत्येक गाठीवर धर्मादा निघतो, ते शहर भुकेल्यांसाठी बसविलेल्या करावर दंगा करते! देणगी मागितली असती तर त्याच शेठजींनी हजारो रुपये दिले असते. देणगी स्वखुशीची असते, तिची पावती असते, तिच्यावर नाव असते, कधी कलेक्टरच्या हस्ते मानपत्र असते. कराला यांतले काहीच नसते. कराने कोणाची आबरू वाढत नाही. येथे मनुष्याच्या मनातली एक गोष्ट उघडी पडते आणि ती फक्त सुरतेच्या वाण्याच्या मनातली नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर त्या दुकानदारांवर अन्याय होईल. परवाना कराचा भार लहान व्यापारी आणि कारागीर यांच्यावर पडत होता. वर्षाला शंभर रुपये मिळविणाराही त्यातून सुटला नाही. उलट भरगच्च पगार घेणारे सरकारी अधिकारी, वकील आणि डॉक्टर यांना आरंभी तो लागूच नव्हता. म्हणजे ज्यांनी कर ठरविला ते स्वतः त्यातून मुक्त होते. पुढे अफगाण युद्ध सुरू झाले आणि दुष्काळ-विम्याची तरतूद स्थगित झाली; विम्याच्या नावाने घेतलेला पैसा युद्धाकडे वळल्याचा आरोप देशी वृत्तपत्रांनी आणि विलायतेतील टीकाकारांनीही केला. तेव्हा देणे नाकारणाऱ्यांत स्वार्थी होते तसेच, हे देणे खरोखर भुकेल्यांपर्यंत पोचणार आहे काय असे विचारणारेही होते. दोघे एकाच गर्दीत होते. त्यांना वेगळे काढण्याचे साधन इतिहासकाराजवळ नाही.

या प्रसंगाने माझ्या मनातील प्रश्नाची मांडणी बदलली. दात्याचा हेतू शुद्ध की मलिन, असे विचारल्यास चारशे वर्षांच्या दप्तरात उत्तर मिळत नाही, कारण तो बहुतेक वेळा दोन्ही असतो. दुसरा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर कागदपत्रांत सापडते. हा मनुष्य किंवा ही संस्था आपले देणे चुकते करून मग देणगी देते, की देण्याच्या जागी देणगी देते? मराठीत हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. सावकारी वहीत मात्र त्यांची खाती वेगळी असतात.

हा प्रश्न इतरांना विचारण्यापूर्वी आपण स्वतःला विचारणे प्राप्त आहे. सुरत हे गुजरातेतील प्रॉटेस्टंट कार्याचे जुने ठाणे. लंडन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे काम सुरू केले, गुजराती पवित्र शास्त्राचे पहिले भाषांतर येथेच छापले गेले, आणि पुढे हे ठाणे आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. १८९९-१९०० च्या दुष्काळास गुजरातेत छप्पनिया म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. त्या वेळी मिशनांनी हजारो माणसे जगविली, अनाथालये काढली. न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हेराल्ड या साप्ताहिकाने उपाशी मुलांची छायाचित्रे छापून वर्गणी उभारली आणि मक्याने भरलेले क्विटो नावाचे जहाज १९०० साली मुंबईस पाठविले. साप्ताहिकाचा लौकिकही त्यामुळे वाढला. तेव्हा छायाचित्रासाठी बोचके दोनदा स्वीकारणारी ती विधवा आपल्याला नवी नाही. तिची पणजी आपल्याच मासिकांत उभी आहे.

त्याच काळात लाला लजपतराय आणि आर्य समाजाचे कार्यकर्ते दुष्काळातील अनाथ मुले मिशनांच्या हाती जाऊ नयेत म्हणून खटपट करीत होते, आणि लजपतरायांनी १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे याविषयी साक्षही दिली. अन्नाच्या मोबदल्यात मुलांचा धर्म घेतला जातो, असा आक्षेप होता. आपल्या पूर्वीच्या लेखकांनी तो द्वेषमूलक म्हणून झटकून टाकला. मला तसे करवत नाही. पंडिता रमाबाईंनी १९०० साली गुजरातेतून केडगावला आणलेल्या मुलींकडे पाहिले म्हणजे मात्र मी पुन्हा अडखळतो. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. ती भूक त्यांनी स्वतः भोगली होती. त्या मुलींना ख्रिस्ती करण्याची इच्छा त्यांच्या मनात होती हे त्या लपवीत नसत, आणि त्या मुलींना शिकविण्यात, धंदा देण्यात आणि आयुष्यभर सांभाळण्यात त्यांनी काही हातचे राखले नाही. यातले कोणते खरे आणि कोणते उपरे, हे कोणी ठरवावे?

आता पुन्हा २००६ कडे. १९६८ साली सुरतेत तापीने हाहाकार माजविला होता. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले तेव्हा शहर सुरक्षित झाले असे लोकांना वाटले. या धरणाच्या जलाशयात आपल्याकडील नवापूर-नंदुरबार भागातील जमिनीही गेल्या, हे येथे विसरू नये. धरणाचे पाणी शेतीला, विजेला, शहराला आणि कारखान्यांना लागते. म्हणून ते साठवावेसे वाटते. पूर अडवायचा तर पावसाळ्यात धरणात मोकळी जागा ठेवावी लागते. या दोन गरजा परस्परविरुद्ध आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग बुडाला. आवक अभूतपूर्व होती असे सरकारी बाजूने सांगण्यात आले. जलतज्ज्ञांनी आणि नागरिकांच्या चौकशी समितीने मात्र धरणात आधीच जास्त पाणी राखल्याचा ठपका ठेवला. नदीच्या पात्रातील आणि मुखाकडील बांधकामांनी पाण्याची वाट अरुंद केली, ही तक्रारही पुष्कळांनी केली. व्यापारी संघटना, उद्योग, मंदिरे, गुरुद्वारे या सर्वांनी पूरग्रस्तांना अन्न दिले. ते अन्न खरे होते आणि पुष्कळांनी ते चिखलातून चालत जाऊन पोचविले. नदीला तिची जागा परत देण्याविषयी मात्र देणाऱ्यांपैकी कोणी फारसे बोलले नाही.

पुढे कंपनी अधिनियम, २०१३ चे १३५ वे कलम आले. ५०० कोटी रुपयांची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी काहीही असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावेत, असे हे कलम सांगते. आपत्ती-निवारणाचा समावेश त्याच्या यादीत २०१९ साली झाला. १८७८ च्या सुरतेने जे नाकारले त्यासारखेच हे काहीतरी आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. फरक असा की कर सरकारच्या तिजोरीत जातो. हे दोन टक्के कंपनी आपल्या हाताने, आपल्या पसंतीच्या ठिकाणी, आपल्या नावाच्या फलकाखाली खर्च करू शकते. कायद्याने सक्ती केली आणि आबरू दात्याकडेच ठेवली. कंपन्यांनी या कलमाला सुरतेसारखा विरोध का केला नाही, याचे एक कारण मला यात दिसते.

१० एप्रिल २०२० हा दिवस या सर्व कथेत मला विसरता येत नाही. महामारीमुळे टाळेबंदी लागून पंधरवडा उलटला होता. त्या दिवशी कंपनी व्यवहार मंत्रालयाने एक परिपत्रक काढले. टाळेबंदीच्या काळातील कामगारांचे वेतन देणे ही मालकाची नैतिक जबाबदारी आहे आणि तो खर्च सामाजिक कार्याच्या दोन टक्क्यांत धरता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. पंतप्रधानांच्या नव्या निधीला दिलेली रक्कम मात्र धरता येणार होती. त्याच रात्री सुरतेच्या लसकाणा भागात यंत्रमागावरील कामगार, त्यांत बहुतेक ओडिशाचे, रस्त्यावर आले. थकलेले वेतन द्या आणि आम्हांला घरी जाऊ द्या, ही त्यांची मागणी होती. शहरात अन्नछत्रे चालू होती. मालक मंडळींपैकीही कित्येकांनी त्यांना पैसे दिले होते. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. यंत्रमागाचे बहुतेक कारखाने इतके लहान असतात, की हे कलम त्यांना लागूही होत नाही. परंतु दिल्लीच्या कागदावर आणि लसकाण्याच्या रस्त्यावर एकाच दिवशी एकच भेद मांडला गेला. फुकट खिचडी मिळत असताना ती माणसे पगार मागत होती. कृतघ्नपणा म्हणून त्याची संभावना करणारे तेव्हा पुष्कळ भेटले. त्यांत आपल्या मंडळ्यांतील सुस्थित लोकही होते, हे खेदाने लिहावे लागते.

लूककृत शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आपण मुलांना झाडावर चढणाऱ्या बुटक्या माणसाची म्हणून सांगतो. जकातदार म्हणून तो सुरतेच्या बंदरावरही शोभला असता. आपल्या संपत्तीचा अर्धा भाग गरिबांना, असे तो आधी म्हणतो. तेथे तो थांबला असता तरी यरीहो गावाने त्याची वाहवा केली असती. पण तो लगेच दुसरे खाते उघडतो, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट. पहिल्या वाक्यात तो दाता आहे, दुसऱ्यात ऋणको. तारण या घरी आले असे प्रभू म्हणतो ते दोन्ही वाक्ये ऐकून झाल्यावर.

पाळकांना मी हे सर्व पत्राने कळविले तेव्हा बराच काळ लोटला होता आणि त्यांनी आपल्यापरीने मार्ग काढलेला होता. बोचकी त्यांनी सर्व कुटुंबांना ठेवू दिली. पोचपावतीवर सही केली, आभारही मानले. चौकशीत त्यांना असे समजले, की मंडळीतील दोघे जण त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होते आणि पुरामुळे कारखाना बंद राहिला त्या अकरा दिवसांचे वेतन दोघांनाही मिळाले नव्हते. म्हणून आभाराच्या पत्राबरोबर त्यांनी एक दुसरे पत्र जोडले, त्यात दोघांची नावे, ठेकेदाराचे नाव आणि रक्कम लिहिली. दोन्ही पत्रे एकाच पाकिटात घालावीत की वेगळी पाठवावीत, यावर पंचांच्या बैठकीत बराच वाद झाला, असे त्यांनी मला कळविले. शेवटी एकाच पाकिटात गेली. दुसऱ्या पत्राचे उत्तर आले नाही. दिवाळीला त्या कारखान्याकडून मंडळीच्या नावे मिठाईचा एक डबा आला.